वीस वर्षांची ‘नवी’ गाडी

आमच्या शेजारच्या बाईंना सगळं गाव ब्रेकबाई म्हणतं, आणि तोंडावर म्हणतं. त्यांना त्याचं काही वाटत नाही. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. त्यांची ती पांढरी मोटार, टपावर ‘शिकाऊ’ची पाटी, आणि शेजारच्या सीटपुढेही बसवलेला एक जादा ब्रेक नि एक जादा क्लच. शिकणारा स्टिअरिंग घट्ट कवटाळून बसायचा आणि बाई शेजारी मांडीवर पर्स ठेवून अगदी गार बसलेल्या असायच्या. समोरून ट्रक आला की त्या आवाजही चढवायच्या नाहीत. फक्त आपल्या बाजूचा ब्रेक दाबायच्या. मीही त्यांच्याकडेच शिकले. पहिले आठ दिवस मला वाटत होतं की मला ब्रेक फार छान लावता येतो.

या धंद्याने त्यांच्या पायाला एक खोड लागली ती लागलीच. दुसऱ्या कोणाच्याही गाडीत बसल्या की त्यांचा पाय आपोआप पुढे जाऊन पायपुसणं दाबायचा. टीव्हीवर कोणी जोरात गाडी हाणायला लागलं की सोफ्यासमोरचा गालिचा दाबला जायचा. तो गालिचा त्या एका जागी इतका विरला होता की खालची फरशी दिसायची.

साठाव्या वर्षी त्यांनी ती ड्रायव्हिंगची शाळा भाचीच्या हाती दिली. त्यानंतरच्या सोमवारी, सकाळचा चहा घेताना, त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, मला दोन सीटची गाडी घ्यायची आहे. छत उघडणारी.”

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. गावात त्यांना घड्याळजी म्हणतात. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच बायकोकडे पाहिलं.

“दोनच सीटची का?”

“मागे बसून कोणी सल्ले देऊ नये म्हणून.”

“आणि आत्ताच का?”

बाईंनी कप खाली ठेवला. “कारण मी आजपर्यंत गाडी चालवलेलीच नाही. लोकांना चालवायला लावली. स्वतः बसायचे ती फक्त शाळेतून घरी यायला, आणि तेव्हाही टपावर पाटी असायची. पाटी लावून चाळिसाच्या वर कसं जाणार? लोक काय म्हणतील?”

घड्याळजींनी यावर वाद घातला नाही. एक तर बायकोचं म्हणणं खरं होतं, आणि दुसरं म्हणजे स्वतः घड्याळजींना गाडी येतच नव्हती. लग्नानंतर एकदाच ते बायकोकडे शिकायला बसले होते. पहिल्या चौकात खाली उतरले आणि चालत घरी आले. त्यावर घरात परत कधी बोलणं झालं नाही.

गावात अशा गाड्या होत्या त्या एकाच माणसाकडे. तो गॅरेजवाला, नाव पैलवान. फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून पैलवान. हाही बाईंचाच विद्यार्थी. त्याच्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक पहिल्या आवृत्तीची, लाल. दुसरी नंतर सुधारून काढलेली, गडद हिरवी. लाल गाडी अठ्ठावीस वर्षांची आणि हिरवी वीस वर्षांची, त्यामुळे गॅरेजमध्ये सगळे हिरवीला ‘नवी’ म्हणायचे.

“बाई, दोन्ही सांभाळणं आता मला झेपत नाही,” पैलवान म्हणाला. “एक द्यायची आहे. तुम्ही निवडा. तुम्ही जी सोडाल ती माझी.”

“तुझं मन कोणावर आहे?”

“छे! मला दोन्ही सारख्याच,” तो म्हणाला, आणि लगेच लाल गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवायला लागला. “पण खरं विचाराल तर गाडी ही. नुसतं बघा.”

त्याने आत हात घालून एक बटण दाबलं. लाल गाडीच्या नाकावरची दोन झाकणं उचलली गेली आणि खालून गोल दिवे वर आले. आधी उजवा डोळा उघडला. मग जरा विचार करून डावा.

“अगंबाई!” बाई म्हणाल्या.

“हे नव्या गाडीत काढून टाकलं. नवीचे दिवे म्हणजे नुसते बसवलेले, उघडझाप काही नाही. नवीचं स्टिअरिंग हलकं, कारण त्याला मशीनची मदत. लालचं स्टिअरिंग म्हणजे रस्ता थेट हातात. खडा आला तर बोटाला कळतं. नवीच्या छताला मागे काच आहे, लालच्या मागे प्लास्टिक. छत खाली करताना आधी त्या प्लास्टिकची चेन उघडायची, नाहीतर तडा जातो. पण त्यातच तर मजा आहे.”

“चेन उघडण्यात?”

“असं सगळं स्वतः करण्यात, बाई.”

बाई घरी आल्या आणि त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले.

घड्याळजी पूर्णपणे लाल गाडीच्या बाजूने. ज्या माणसाला गिअर कुठे असतो ते नीट माहीत नव्हतं, त्याने जुनी मासिकं आणून त्यांतली चित्रं कापली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. “हे बघ,” ते म्हणायचे, “कुठलीही वस्तू पहिल्यांदा बनते तेव्हा तिच्यात बनवणाऱ्याचं मन असतं. पुढच्या वेळी तिच्यात नुसती तक्रारींची उत्तरं असतात.”

“तक्रारींची उत्तरं म्हणजेच सुधारणा ना, बाबा?” मुलगी म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, आणि आईच्या डाव्या गुडघ्याची तिने स्वतंत्र फाईल ठेवली होती. “एकतीस वर्षं या पायाने क्लच दाबला आहे, तोही वाकड्यात बसून. आणि आता मशीनची मदत नसलेली गाडी? आई, नवी घे. ब्रेकसुद्धा चांगले आहेत तिचे.”

“ब्रेकचं मला सांगू नकोस,” बाई म्हणाल्या.

“ती लाल गाडी घेतलीस तर मी तुला तपासणार नाही.”

“आणि हिरवी घेतली तर मी त्यात बसणार नाही,” घड्याळजी म्हणाले.

“तसंही दोनच सीट आहेत,” बाई म्हणाल्या. “कोणीतरी राहणारच आहे.”

ही धुसफूस पंधरा दिवस चालली. गावातही तिचा बोभाटा झाला, कारण गावातल्या निम्म्या लोकांना गाडी बाईंनीच शिकवली होती आणि प्रत्येकाला आता बाईंना शिकवायची संधी मिळाली होती. दाताच्या डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात आरसा घालून लालची बाजू मांडली. तोंड उघडंच असल्याने बाईंना उलटून काही बोलता आलं नाही. पोस्टातल्या बाई नवीच्या बाजूच्या. “काचेतून मागचं दिसतं तरी,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं तेवढं एकच मत त्या पंधरा दिवसांत कोणी शहाणपणाचं दिलं.

शेवटी एका रविवारी सकाळी बाई उठल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाल्या, “चला. दोन्ही चालवून बघते. मग कोणी तोंड उघडायचं नाही.”

आधी लाल. घड्याळजी शेजारी बसले, म्हणजे आधी वाकले, मग गुडघे छातीशी घेतले आणि मग आत घरंगळले. मुलगी नि पैलवान शेडच्या दारात उभे. बाईंनी सीटवरची धूळ झटकली. धूळ बरीच होती, हे त्यांच्या लक्षात आलं.

गाडी गल्लीतून बाहेर पडली, नदीकाठच्या रस्त्याला लागली. स्टिअरिंग खरंच जड होतं. गाडी खरंच सगळं सांगत होती: डांबर कुठे संपलं, खडी कुठे लागली, चाकाखाली काय आलं. घड्याळजी खूश. “ऐकतेस ना?” ते ओरडले. “कसं टिकटिकतंय!”

“मला ऐकावंच लागतंय!” बाई ओरडल्या.

गाडी थंड असताना दुसऱ्या गिअरात जायला कुरकुर करायची. आधी जरा चुचकारलं की मग जायची. चढावर तिला थोडं आधीपासून तयार करावं लागायचं. वळणावर ती किंचित घाबरल्यासारखी बाहेर ओढायची, तेव्हा तिला सावरून घ्यावं लागायचं. आणि बाई हे सगळं इतकं सहज करत होत्या की घड्याळजींना वाटलं, झालं, ठरलं. परत येताना त्यांनी स्वतःच्या हाताने दिव्यांचं बटणही दाबून पाहिलं. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला वाटलं गाडीने आपल्याला डोळा मारला. तो हसला आणि त्याने हात केला.

शेडमध्ये येऊन बाई उतरल्या. कपाळ पुसलं. “छान आहे,” त्या म्हणाल्या. “आता नवी.”

“कशाला उगाच, बाई?” पैलवान पुढे आला. “तुमचा चेहराच सांगतोय. लाल तुमच्यासाठीच बनली आहे. नवी काय, तिच्यात बघण्यासारखं काही नाही.”

“किल्ली दे.”

“तिचं पेट्रोल कमी आहे.”

“पैलवान. किल्ली.”

हा आवाज त्याला ओळखीचा होता. त्याने किल्ली दिली.

नवीत बसल्या तर सीटवर धुळीचा कण नाही. सीट पुढे ओढलेली, अगदी बारक्या माणसाला बसेल इतकी. पाठीशी छोटी उशी. बाईंनी कप्पा उघडला. त्यात वाचायचा चष्मा, अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा आणि कंबरेला लावायचं मलम. त्यांनी कप्पा बंद केला आणि सीट मागे सरकवली.

नदीकाठचा तोच रस्ता. घड्याळजी हाताची घडी घालून बसले होते, नाराजी दाखवण्यासाठी. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. चढ आला तो कळलाही नाही. पहिल्या वळणावर बाईंचे हात सावरायला तयार झाले आणि तसेच राहिले, कारण सावरायचं काही नव्हतंच. गाडी वळली. एवढंच. पुढे बाहेरचा रुंद रस्ता होता. रिकामा. बाईंनी काटा चाळिसावर आणला, सवयीने तिथे थोडा वेळ थांबल्या. मग साठ. मग ऐंशी.

घड्याळजी मला सांगत होते, लग्नाला पस्तीस वर्षं झाली पण बायकोला असं हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आवाज काढून, मान मागे टाकून. रुमाल सुटला आणि मागच्या मागे उडून गेला, तरी त्या थांबल्या नाहीत. घड्याळजींनी हाताची घडी सोडून दरवाजाचं हँडल पकडलं. आणि थोड्या वेळाने, जरा लाजतच, तेही हसायला लागले.

शेडमध्ये परत आल्यावर कोणाला काही विचारावं लागलं नाही, तरी मुलीने विचारलं.

“नवी,” बाई म्हणाल्या.

“पण लाल किती सुंदर चालवलीस तू!” घड्याळजी म्हणाले. शेवटचा प्रयत्न.

“तेच तर. ती मला शिकवणीला बसल्यासारखी वाटली. आता हिला आधीपासून सांग, आता हिला सावर, आता हिची समजूत काढ. मला येतं ते. मी एकतीस वर्षं तेच केलं. गाडी उत्तम आहे हो, पण तिच्याबरोबर मी कामावर होते. नवीत मी...” त्यांना शब्द सापडेना. “नवीत मी रस्ता बघितला. त्या पुलापलीकडे एवढी झाडं आहेत हे तुम्हाला माहीत होतं का?”

मुलगी विजयी मुद्रेने गुडघ्याबद्दल काहीतरी बोलणार होती, पण तिचं लक्ष पैलवानाकडे गेलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

बाईंनी कप्प्यातून चष्मा, बिस्किटं आणि मलम काढून त्याच्या हातात ठेवलं. “रोज हीच नेतोस ना रे?”

पैलवानाने चष्मा खिशात टाकला. “लोकांना सांगायला लाल, बाई,” तो म्हणाला. “गॅरेजवाला असून नवी आवडते म्हटलं तर गिऱ्हाईक हसतात. जाणकार माणसाने जुनीच म्हणायचं असतं. पण कंबर काय जाणकार असते का?”

“मग मला निवडायला का सांगितलंस?”

“वाटलं, तुम्ही लालच घ्याल. सगळे तिलाच भुलतात. म्हणून तर इतकं कौतुक केलं तिचं!”

बाई इतक्या हसल्या की त्यांना टेकायला स्टूल द्यावं लागलं. घड्याळजींना मात्र फार वाईट वाटलं. पंधरा दिवस आपण जी बाजू लढवली ती मुळात विक्रेत्याची चलाखी होती, हे त्यांच्या पचनी पडेना. बाईंनी हसू आवरलं आणि म्हणाल्या, “शब्द म्हणजे शब्द. पण हिवाळ्याचे दोन महिने मी परगावी बहिणीकडे असते. तेव्हा नवी तुझ्याकडे राहील. सीट माझ्या मापाची करून परत दे.”

पैलवानाने तेवढ्यावर समाधान मानलं. त्यासाठी दोन कप चहा मात्र लागला.

लाल गाडी अजून त्याच्याच शेडमध्ये आहे. घड्याळजी दर गुरुवारी दुकान लवकर बंद करून तिथे जातात. तिच्या डॅशबोर्डवरचं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी चालू केलं, आणि दोन्ही दिवे एकदम उघडावेत म्हणून खटपट केली, पण ते दुरुस्त झाल्यावर त्यांनाच ते आवडलं नाही आणि त्यांनी डावा दिवा पुन्हा थोडा उशिराचा करून ठेवला. ते तिच्यात बसतात. चालवत नाहीत. पैलवान म्हणतो, असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. गाडी झिजतच नाही.

बाई आठवड्यातून दोनदा जातात, एकट्या. आधी घड्याळजींना वाटलं आपल्याला बरोबर नेतील, पण त्यांनी काही विचारलं नाही आणि बाईंनी काही सांगितलं नाही. सकाळी दहाला निघतात, दुपारच्या जेवणाला परत. केसांचं पार घरटं झालेलं असतं. कुठे गेला होतात म्हटलं तर म्हणतात, “कुठेच नाही. जाऊन आले.”

परवा मी बाल्कनीत उभी होते तेव्हा त्यांची हिरवी गाडी वळणावरून आली, छत उघडं. शेजारच्या सीटवर कोणीतरी होतं. मला वाटलं, अखेर घड्याळजींचा नंबर लागला. गाडी दारात थांबली तेव्हा पाहिलं, तर एक भलंमोठं कलिंगड, पट्टा लावून नीट बसवलेलं.

“चांगली सोबत झाली,” बाईंनी खालून ओरडून सांगितलं. “नव्वदला नेलं, एक अक्षर बोललं नाही.”