सदाभाऊंचं गार्नी

फोन आला तेव्हा मी मूल गावच्या राइस मिलमध्ये धान भरडून घेत होतो. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून बाहेर आलो, आणि नसतो आलो तर बरं, असं झालं. सदाभाऊ गेले... एटापल्लीच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी इतिहास; निवृत्त होऊन दोघंही मूललाच राहायला आलो होतो. मित्र म्हणा की भांडायला हक्काचं माणूस म्हणा, मला ते एकच होते.

कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी आर्मेनियातल्या गार्नीच्या देवळाचा फोटो पाहिला आणि तिथेच अडकले. त्रिकोणी माथा, ओळीने उभे खांब, शेजारी रोमन धाटणीचं स्नानगृह, त्याच्या फरशीत रंगीत खड्यांनी जडवलेले ग्रीक समुद्रदेव. मी चिडवायचो, "सगळी उसनवारी!" ते उसळायचे. "उसनं काऊन म्हनतेस बे? खांबाची तऱ्हा ग्रीकाईची, पन दगड त्याईच्याच डोंगरातला. वर कोरलेली द्राक्षं-डाळिंबं पाय, त्याईच्याच बागंतली." एकदा त्यांनी वर्गाला ते देऊळ काढायला लावलं, तर एका माडिया आदिवासी मुलीने द्राक्षांऐवजी मोहाची फुलं काढली. सदाभाऊ कागद फडकवत थेट माझ्या वर्गात शिरले. "पाय, हेच तं झालं होतं तिथी!" माझा तास गेला तो गेलाच.

ते देऊळ भूकंपात कोसळलं होतं. पुढे शेकडो वर्षांनी पडलेलेच दगड वेचून पुन्हा उभं केलं, आणि जे हरवले त्यांच्या जागी बिननक्षीचे साधे दगड बसवले. हे सांगताना सदाभाऊंचा आवाज खाली यायचा. "जागा भराच लागते, नाई तं छप्पर पडते. पन गेलेलं गेलं, हे दिसलं पायजे."

गार्नी बघायचं राहूनच गेलं. त्यांच्या पत्नीची, कमलबाईंची, दृष्टी गेली आणि सदाभाऊंनी गाव सोडलं नाही. आता त्या घरात बाई एकट्या. दिवस कसाबसा निघतो, संध्याकाळ खायला उठते. त्या वेळी सदाभाऊ त्यांना पेपर वाचून दाखवायचे, पुढाऱ्यांचे आवाज काढत, बातमीला तिखटमीठ लावत.

तेरवीनंतर मी जाऊ लागलो. पहिल्या संध्याकाळी पेपर उघडला आणि बाईंना बरं वाटावं म्हणून सदाभाऊंसारखाच आवाज काढला. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला.

"तसं नोका वाचू, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तेच आले... तुमच्या आवाजात वाचा."

मग मी माझ्या सपाट, मास्तरी आवाजात गावाशेजारी वाघ दिसल्याची बातमी वाचली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. डोळे पुसले.

"उद्या बी येसान ना?"