ग्लॉक्सिनिया विश्रांती घेत आहे

माणूस झाडावर जितकं निर्व्याज प्रेम करतो, तितकं दुसऱ्या कशावरच करत नाही. बाबांनी ग्लॉक्सिनिया आणला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या अँथुरियमला हरवायला.

पनवेलच्या आमच्या सोसायटीत वर्धापनदिनाला कुंड्यांची स्पर्धा असे. निवृत्तीनंतर बाबांना ती एकदा तरी जिंकायची होती. ग्लॉक्सिनियाची पानं मखमली. पाणी पडलं की डागाळतात. म्हणून बाबा पाणी खालच्या बशीत घालत आणि पानांवरची बांधकामांची धूळ दाढीच्या कोरड्या ब्रशने झटकत. स्वतःची दाढी मात्र दोन दिवसांआड. फुलं आली ती गर्द जांभळी, पांढऱ्या काठाची, सोनाराच्या डबीतल्या अस्तरासारखी. येणारा प्रत्येकजण बोट लावायचा आणि बाबांचा श्वास अडकायचा.

प्रमुख पाहुण्यांना, म्हणजे एका स्थानिक पुढाऱ्यांना, वेळ नव्हता. समारंभ दोनदा पुढे गेला. तोवर फुलं गळली, पानं वाळली आणि झाड रिवाजाप्रमाणे झोपी गेलं. या काळात मातीत नुसता कंद असतो आणि त्याला पाणी अजिबात चालत नाही.

"बाबा, नुसती माती नेणार?"

"माती नाही, झोपलेलं झाड आहे. तू झोपलास म्हणून कोणी तुझं नाव रेशनकार्डावरून काढतं का?"

त्यांनी कुंडीवर पाटी लावली: 'हात लावू नये. ग्लॉक्सिनिया विश्रांती घेत आहे.'

पाहुणे उलव्यातली दोन भूमिपूजनं उरकून थेट आले. समोर टेबल, टेबलावर माती, शेजारी त्यांच्याच सत्काराचा नारळ, भोवती हात जोडलेली कमिटी. पाटी वाचायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी चपला काढल्या, समईच्या ताटातलं हळदकुंकू मातीला वाहिलं आणि हात पुढे केला. "दगड?"

वॉचमनने गेटला लावलेला दगड आणून दिला.

"अहो, पाणी नको! पाणी नको!" बाबा ओरडले. ते टाळ्यांत बुडालं. नारळ फुटला आणि पाणी सगळं कुंडीत गेलं.

"हे काम वर्षाच्या आत पूर्ण होईल," पाहुणे म्हणाले.

पहिलं बक्षीस बाबांना मिळालं. पाहुण्यांनी नारळ फोडलेल्या कुंडीला दुसरा नंबर देणं कमिटीला बरं दिसेना. काका अजून बोलत नाहीत.

पंधरा दिवसांनी बाबांनी कंद उकरून पाहिला. कुजला होता.