अर्धं राहिलेलं वाक्य

आमच्या थोरलीला लहानपणापासून दुसऱ्याचं बोलणं पुरं करायची खोड. मी स्वयंपाकघरातून "अगं, ते जरा..." म्हणायचा अवकाश, की हिचा हात नेमक्या डब्यावर. याच खोडीवर तिची नोकरी चालते, हे मात्र मला गेल्या महिन्यात कळलं.

नऊ वर्षं ती एका प्रार्थना मंडळाच्या कचेरीत आहे. मागची खोली, खिडकीला जाळी, कानाला हेडफोन आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की मंडळाच्या गुरुजींचा रेकॉर्ड केलेला आवाज सुरू, पाय उचलला की बंद. रविवारचं प्रवचन टाइप करायचं, गुरुवारी त्याचं पत्रक निघतं. मी समजत होते, ते बोलतात आणि ही उतरवते.

"तसं नसतं आई. ते निम्म्यात सोडून द्यायचे. खोकायचे, विसरायचे, भलतीकडेच जायचे. मी जुळवायचे."

"आणि त्यांना चालायचं?"

"छापलेलं वाचून म्हणायचे, हेच म्हणायचं होतं मला. भर सभेत हसत सांगायचे, माझी वाक्यं मागच्या खोलीत पुरी होतात."

हे सगळं निघालं ते गुरुजी गेल्यावर. वारस नेमला नव्हता. शेवटच्या प्रवचनात फक्त एवढंच, "माझ्यानंतर या खुर्चीवर बसायचं ते..." आणि पुढे काही नाही.

मंडळात लगेच दोन तट पडले. एकीकडे गुरुजींचा पुतण्या, इमारतीचं सगळं पाहणारा. दुसरीकडे सर्वांत जुन्या शिष्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. लोक आता चपलासुद्धा दोन वेगळ्या कोपऱ्यांत काढतात म्हणे!

दोघंही आमच्या घरी येऊन गेले, एकाच दिवशी. आधी पुतण्या, थोरलीला म्हणाला, "ताई, काकांच्या मनातलं तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? एकच वाक्य राहिलंय. पुरं करून टाका." चहाला हात न लावता गेला. तासाभराने बाई. त्यांनी दोन कप घेतले आणि म्हणाल्या, "नऊ वर्षं पुरं करत आलीस, मग आताच कशी गं अडलीस?" पण दारात दोघांनी ऐकवलं ते एकच: खुर्ची ज्याची, मागची खोलीही त्याच्याच हातात.

दार लावून मी तिच्याकडे वळले. "कोणाचंही नाव लिही आणि मोकळी हो," मी म्हटलं. "या वयात दुसरी नोकरी कोण देणार तुला?"

"तू एकदा ऐक तर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या मागच्या खोलीत तिच्या खुर्चीत बसून पेडल मीच दाबलं. "...बसायचं ते..." खोकला. काहीतरी करकरलं. मग शांतता. मी हेडफोन कानांवर दाबून धरले, आता नाव येणार म्हणून. शेवटी अगदी बारीक आवाज, "पाणी द्या."

"अकरा सेकंद," ती म्हणाली. "असली शांतता मी कधी मोजलीच नव्हती. सरळ गाळून टाकायचे."

त्या गुरुवारच्या पत्रकात तिने सगळं जसंच्या तसं घातलं: खोकला, अकरा सेकंद, पाणी. खाली आपल्या सहीने लिहिलं, 'नऊ वर्षांची पत्रकं मी जुळवून लिहिली आहेत. मूळ रेकॉर्डिंग कपाटात आहे. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी यावं.'

पुतण्या म्हणाला, हिला बाईंची फूस आहे. बाई म्हणाल्या, पुतण्याची. खुर्ची अजून रिकामीच आहे. मागच्या खोलीबाहेरच्या बाकावर मात्र दोन्ही तटांतली माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली असतात. वर्षानुवर्षं पाठ केलेलं एखादं वाक्य घेऊन येतात आणि विचारतात, "हे त्यांचं की तुझं?" ती सांगत नाही. पेडल दाखवते. नोकरी किती दिवस टिकेल कोण जाणे. रोज संध्याकाळी दार उघडताना मी आधी तिचा चेहरा बघते.

काल मी स्वयंपाकघरातून सवयीने म्हटलं, "अगं, ते जरा..."

ती दारात येऊन उभी राहिली. "काय ते?"

मी डब्यांकडे बघत राहिले. मला काय हवं होतं, ते मलाच सांगता येईना. आणि ती थांबली होती.