मशीन म्हणाली, हात काढा

बायको गेल्यावर सव्वा वर्ष मी देवापुढे हात जोडले नाहीत. खोटं कशाला लिहू. मी चौथी शिकलेला, देवासचा शिंपी. उभा जन्म बायकांची ब्लाउजं शिवली, पण परक्या बाईच्या अंगाला कधी टेप लावली नाही. दुकानात पडदा होता. आत बायको मापं घ्यायची, आकडे मोठ्यानं सांगायची, बाहेर मी लिहून घ्यायचो. तीच एका दुपारी ओट्यापाशी कोसळली. मधूनच आचका देऊन तोंड उघडत होती. मला वाटलं, श्वास चालू आहे. मी तोंडात नर्मदेचं पाणी घातलं. शेजारी छाती दाबायला वाकला, तर त्याचा हात मी झटकला आणि तिचा पदर सारखा केला. दवाखान्याची गाडी आली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

मुलगी सुमन मला धारला, तिच्या सासरी घेऊन गेली. तिथं त्यांच्या कॉलनीच्या हॉलमध्ये बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारी मशीन शिकवणार होते. "बाबा, भिंतीशी भांडत बसण्यापेक्षा चला," म्हणाली. मी म्हणालो, "आता कुणाला वाचवायचंय मला?" तिनं माझ्या चपला पुढे केल्या.

शिकवायला एक नर्सबाई होती. जमिनीवर सदरा घातलेला रबरी पुतळा. ती म्हणाली, हाक मारून माणूस उठत नसेल आणि नुसते आचके देत असेल, तर त्याला श्वास समजू नका. पाणी पाजू नका. छाती दाबायला लागा, एकानं गाडीसाठी एक सौ आठला फोन करा, एकानं मशीन आणा. मशीन स्वतः बोलते, ती सांगेल तसं करा. मी ऐकत होतो आणि मला ओट्यापाशी पडलेली बायको दिसत होती. माझी पाळी आली तेव्हा मी तीनदा मशीनची पट्टी सदऱ्यावरच चिकटवली. बाई वैतागली. "काका, उघड्या, कोरड्या कातडीवर! तुमच्या लाजेपायी माणूस जाईल." तिला बिचारीला काय ठाऊक. मी उठून बाहेर नळावर तोंड धूत उभा राहिलो. घरी जायचं होतं, पण पाय हॉलकडेच वळले. कुणी वळवले, सांगता येत नाही. एक पट्टी उजव्या हसळीखाली, म्हणजे गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली, दुसरी डाव्या कुशीला, काखेच्या खाली. पाचव्या वेळी जमलं. जाताना बाईला बायकोचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "माझी वाचली असती का?" ती म्हणाली, "काका, ते कुणालाच सांगता येत नाही." तिनं खोटा धीर दिला नाही, ते बरं वाटलं.

देवासला परतलो. दत्तमंदिराच्या सभागृहात तशीच मशीन भिंतीवर लावलेली. महाप्रसादाला शेजाऱ्यांनी ओढून नेलं म्हणून गेलो, देवाकडे पाहिलंही नाही. वरण वाढणारी कुसुमबाई माझ्यासमोरच पडली. तेच आचके. बायका पाणी आणायला धावल्या. मी ओरडलो, "पाणी नको, मशीन आणा!" वाढणाऱ्या एका दणकट पोराला, ये भिया म्हणत, छाती दाबायला बसवलं आणि कसं दाबायचं ते दाखवलं. मशीनच्या पिशवीतली कात्री हातात घेतली आणि हात थांबला. भोवती शंभर पुरुष. तिचा नवरा रडत म्हणत होता, "काका, लोकांसमोर नको, मंगळसूत्राला हात लावू नका!" मी म्हणालो, "ते तुझ्याच नावाचं आहे ना? मग ते तिच्या गळ्यात राहायला हवं तर एक सौ आठला फोन लाव." बोललो खरा, पण बोटं हलेनात.

तेवढ्यात प्रसादाला आलेली एक खेड्यातली बाई उठली. तिनं ओढणी पसरून माझ्यामागे धरली. "तम काम करो, बा. पडदो हूं पकडी री हूं." जन्मभर मी पडद्याबाहेर होतो, त्या दिवशी आत होतो. कात्री शिलाईवरून सरळ गेली. मंगळसूत्र बाजूला केलं, सांडलेलं वरण उपरण्यानं पुसलं, पट्ट्या लावल्या. मशीन हिंदीत म्हणाली, कोणी हात लावू नका. मी ओरडलो, "हात काढा!" आणि माझेही काढले. त्या घटकेला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मनात आलं, आता तू बघ. सव्वा वर्षात देवाशी बोललेले हे पहिले शब्द. झटका बसला. मशीन म्हणाली, दाबा. मी लगेच दाबायला लागलो. माझे खांदे निकामी व्हायला आले तेव्हा कुसुमबाईनं कण्हून हात हलवला.

गाडी तिला घेऊन गेल्यावर ओढणीवाल्या बाईला शोधलं. कुणी म्हणालं तिरला गावाकडची, कुणी म्हणालं पाहिलीच नाही. ती कोण, यावर मी वाद घालत नाही. पडदा धरलेला होता, एवढं मला पुरे आहे.

महिन्यानं कुसुमबाई दुकानात आली. पिशवीतून कापलेलं ब्लाउज काढून म्हणाली, "काका, एकदाच घातलं होतं हो!" मी म्हणालो, "शिलाईवरच कापलंय, पुन्हा टीप मारून देतो." ती हसली आणि मग दोघंही रडलो.

थकलोय मी. पण हातांना जेवढं येतं तेवढं करायचं, सांगितलं की काढायचे, आणि पुन्हा कामाला लागायचं, एवढं त्या मशीनपाशी शिकलो. माझी का गेली, हे देवाला अजून विचारतो. पण आता हात जोडून विचारतो.