सासऱ्याचं नाव

आमच्या आईनं, म्हणजे भालकीच्या सुशीलाबाईनं, लग्न होऊन ह्या घरात पाय ठेवल्यापासून सासऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचंही नाही, पण ते तर तिच्या वयाच्या निम्म्याअधिक बायका घेत नाहीत. आमच्या वडिलांचं, अण्णांचं, नाव व्यंकट, म्हणून ती तिरुपतीच्या देवाला 'डोंगरावरला देव' म्हणते. देवाची काही तक्रार नाही. सासऱ्याचं प्रकरण मात्र अवघड होतं. आमच्या आजोबांचं नाव गुंडेराव, आणि आई त्या नावाच्या आसपास फिरकणारा शब्दसुद्धा उच्चारायची नाही. अंथरूण गुंडाळायचं झालं तर 'लपेट' म्हणायची. एकदा माझ्या भावानं, महेशनं, मुद्दाम पेपर तिच्यापुढं धरला आणि वाच म्हणाला. आई चष्मा लावून गंभीरपणे वाचायला लागली, "शहरात मामंजीगिरी वाढली." अण्णांना जेवता जेवता ठसका लागला. मी पोट धरून लोळले.

एरवी ही बाई कुणाच्या बापाला भिणारी नाही. बाजारात कानडीत सुरू केलेलं भांडण ती मराठीत रंगवते आणि दखनी उर्दूत संपवते. पण नावाचा विषय निघाला की तोंडाला कुलूप.

आजोबा गेले आणि वर्षाच्या आत महेशला मुलगा झाला. माझ्या वहिनीनं, सुधारानीनं, मोबाइलमध्ये शोधून एक छान, नवीन, दोन अक्षरी नाव ठरवून ठेवलं होतं. अण्णांनी ते ऐकूनही घेतलं नाही. "माझा बाप परत आलाय, नाव त्याचंच राहील," म्हणाले. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि 'गुंडेराव' म्हणाले. सुधारानीनं नाक मुरडलं. वळून बघते तर आईनं पाळण्यापुढं डोक्यावरून पदर घेतलेला.

"आई, बाळापुढं कामून पदर घेतलीस?"

"मामंजी हायत ते," आई म्हणाली. विषय संपला.

मग काय, आमच्या घरात सर्कस सुरू झाली. नाव घ्यायचं नाही, म्हणून आई त्याला 'अप्पा' म्हणायची, तेही अहो-जाहो करून. "अहो अप्पा, दूध प्या. अहो अप्पा, चड्डी घाला बरं." पोरगं रांगत रांगत पळायचं आणि आमची आई पदर सावरत त्याच्यामागं, "अहो, थांबा की!" सुधारानीला आधी हसू यायचं, मग डोक्याला ताप झाला, मग तिनंही नाद सोडला.

हे सगळं पोरगं शाळेत जाईपर्यंत गोड होतं. शाळा सुटली की फाटकाशी आज्ज्यांची गर्दी होते. त्याचा दोस्त सुगत. त्याची आज्जी सावित्रीबाई कुणी 'सुग्या' म्हटलं तर तिथल्या तिथं झाडते. "बुद्धाचं नाव हाय ते, तोडायचं न्हाई," म्हणते आणि लांबूनच पुरं, खणखणीत हाक मारते, "सुगत!" नाव घ्यावं तेवढं चांगलं, असं तिचं म्हणणं. आणि तिच्या शेजारी उभी आमची आई, "अहो!" म्हणणार. पोरं काय सोडतात होय! "तुझी आज्जी तुला नवऱ्यावाणी हाक मारायलीय," म्हणून वर्गभर चिडवाचिडवी झाली.

पोरगं घरी आलं आणि दप्तर आपटलं. "आज्जी, माझं नाव घे."

"असं काय करायलाव, अप्पा..."

"अप्पा न्हाई. नाव घे. सुगतची आज्जी घेती. तुला मी आवडत न्हाई म्हणून तू घेईना गेलीस."

आईचं तोंड एवढंसं झालं. मग पोरानं जाहीर केलं, की नाव घेऊन बोलावल्याशिवाय आज्जीला ओ देणार नाही. आणि खरंच दिली नाही हो! तिच्या हातचा घास घेईना, तिच्याजवळ झोपेना. जिद्द आजोबांचीच.

संक्रांतीला मी उदगीरहून आले तेव्हा सुधारानीनं दारातच सांगितलं, "अक्का, आईंनी जेवण कमी केलंय." मी तडक चुलीपाशी गेले. आई भाकरी थापत होती. माझा पारा आधीच चढलेला.

"आई, पाच वर्षांचं लेकरू ते. त्याच्या जिवाला लागलंय. एवढी कसली गं तुझी रीत?"

"मला कळंना व्हय?" आई म्हणाली. "मोठ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतंय, असं माझ्या आईनं सांगून पाठवलं मला. मामंजी गेले, सुटले. पण आता ते नाव ह्याच्या अंगावर हाय. मी घेतलं, तर कुणाचं कमी होईल, सांग."

भाकरीवरचा तिचा हात थांबला होता. इतकी वर्षं आम्ही हसलो त्याच्यावर, आणि ह्या बाईच्या पोटात एवढी भीती होती. मला फार वाईट वाटलं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

"आई, ह्या नावाचा अर्थ ठाऊक हाय का तुला? आजोबांच्या आधीची लेकरं वाचली न्हाईत. म्हणून त्यांच्या आईनं त्यांचं नाव गुंड्या ठेवलं. कानडीत गुंडु म्हणजे गोल दगड. दगड कोण उचलून न्यायलंय? आपल्यात त्यालाच धोंडू म्हणतात. कानडी लोकांत तिप्पण्णा, तिकडं तेलुगूत पेंटय्या. दोन्हीचा अर्थ उकिरड्यावरचा. मुसलमानांत नवस करून फकीर ठेवतात. सगळ्या आयांनी आपापल्या भाषेत यमाला एकच थाप मारलीय, की इथं नेण्यासारखं काही न्हाई बाबा, पुढं जा. हे नाव लपवायचं न्हाईच मुळी. यमाला ऐकू जाईल असं वरडायचं हाय."

आईनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तुझं शहाणपण तुझ्याजवळ ठेव," म्हणाली. "आणि चुकलं तर?"

मी तिळगुळाचं ताट उचललं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. थोड्या वेळानं आईही आली. शेजारी बसली, पण माझ्याकडं बघेना.

आमचं घर कारखान्याच्या रस्त्यावर. हंगामात दिवसभर उसाच्या गाड्या जातात. समोरच्या चढावर एक ट्रॅक्टर थांबला होता, मागं उसानं भरलेली ट्रॉली, आणि ड्रायव्हर टपरीवरून चहा पिऊन परत चढत होता. गाणी मोठ्यानं लावलेली. आमचं पोरगं खाली पडलेलं उसाचं कांडं उचलायला ट्रॉलीच्या बरोबर मागं जाऊन उकिडवं बसलं.

आईनंच आधी बघितलं. "अहो अप्पा! सरका तिथून!"

त्याला ऐकू गेलं. मला इथून दिसलं, त्याची मान ताठ झाली. पण वळलं नाही. नावानं बोलावल्याशिवाय ओ द्यायची नाही, असं ठरलेलं ना! ट्रॅक्टर सुरू झाला. चढावरची भरलेली गाडी, पुढं जायच्या आधी मागं सरकायला लागली.

"ए गुंड्या!"

मी आईला जन्मात एवढं मोठ्यानं ओरडताना ऐकलं नव्हतं. ओरडतच ती ओट्यावरून रस्त्यात धावली. पोरगं झटक्यात वळलं. चेहऱ्यावर असा काही आनंद की विचारू नका. कांडं तिथंच टाकून ते धूम पळत सुटलं ते थेट आईच्या अंगावर. मागं ट्रॉलीचं चाक त्या कांड्यावरून गेलं आणि थांबलं.

आई रस्त्यातच मटकन खाली बसली. पदर धुळीत. तिनं पोराला एक चापट मारली आणि लगेच छातीशी इतकं घट्ट धरलं, की ते गुदमरलं. त्याला कशाचा काही पत्ता नव्हता. "आज्जी, तू नाव घेतलीस! परत घे की," एवढंच चाललेलं त्याचं. मी ओट्यावर बसून ढसाढसा रडले, लाज न बाळगता.

त्या दिवशी पोरगं आज्जीच्या हातानं पोटभर जेवलं. आई मात्र सारखी त्याच्या कपाळाला हात लावून बघत होती. "ज्योती, अंग गरम हाय का गं?" नाही म्हटलं, की घटकाभरानं पुन्हा तेच. नाव तर तोंडातून गेलं होतं, आता ते परत घेता येत नव्हतं.

सकाळी मी चहा घेऊन आत गेले, तर आई त्याच्या अंथरुणाशी बसलेली. रात्रभर तिथंच होती की काय कुणास ठाऊक. उन्हाची तिरीप पोराच्या तोंडावर आली, तसं त्यानं अंग वाकडंतिकडं केलं.

"आज्जी," ते डोळे न उघडताच म्हणालं, "नाव घेऊन उठव."

आईनं आधी त्याच्या छातीवर हात ठेवला. श्वास संथ चालला होता. मग डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.