उजवा कौल

“गाठ कुठेच नाही. पण ह्यांचं हृदय जेमतेम निम्मं काम करतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी बायको सुलभा टेबलावर पडून छातीवरचं जेल पुसत होती. गाठ नाही एवढंच तिने ऐकलं आणि हसली.

रोगाचं नाव कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायूच कमजोर होणं. स्तनाच्या कॅन्सरवर तिला केमोथेरपीत डॉक्सोरुबिसिन दिलं होतं. ते काही जणांच्या हृदयाला बाधतं, कधी लगेच, कधी वर्षांनी. लालभडक औषध! ते नळीतून उतरताना सुलभा म्हणायची, “कोकमाचा आगळ चढयतत बघा माका.” त्याच आगळाने तिला जगवलं. आता रागवायचं तरी कोणावर?

फसवलं कोणीच नव्हतं. केमो संपल्यावरही अधूनमधून इको करा, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, असं केमोच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण आमच्या इब्रामपुरात नुसत्या डॉक्टरच्या सांगण्याने माणूस बरा होत नाही. आम्ही देवळात कौल घेतला. गुरवाने देवाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, हिची गाठ गेली असेल तर उजवा दे. उजवी पाकळी पडली. सुलभा तिथेच ढसाढसा रडली.

पुढे इकोची तारीख आली. मी गाडी काढली, तर ही पायरीवरून हलेना.

“देवान उजवो कौल दिल्यान. आता परत तपासूचा म्हणजे देवार दुबाव घेवचो?”

देवावर संशय! गाडी परत आत लावली.

यंदा पोदेराचा भोंपू वाजला, की पाव घ्यायला फाटकापर्यंत जाऊन येताना ती धापा टाकू लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. पाय सुजले. म्हटलं, चतुर्थीत उभं राहून राहून सुजले असतील. मग आडवं पडलं की श्वास कोंडायला लागला, तेव्हा इस्पितळ गाठलं.

आता गोळ्या, पाणी बेताचं, जेवण अळणी. मी माशाचं हुमण करतो, मिठाशिवाय. म्हणजे केलं काय आणि न केलं काय! ती निमूट खाते, आणि मला तिथे बसवत नाही. सुधारेल का, विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणतात, “काहींचं सुधारतं. आत्ताच सांगता येत नाही.”

ते लाल औषध ज्यांनी घेतलंय त्यांना हात जोडून सांगतो, कितीही बरं वाटू दे, इको चुकवू नका. देव खोटं बोलला नव्हता. आम्ही गाठीचं विचारलं होतं, काळजाचं विचारलंच नाही.

उद्या पुन्हा इको आहे. मघाशी मी म्हटलं, “आदी देवळात जावन येवया? काळजाचो कौल घेवया.”

सुलभाने माझा हात घट्ट धरला.

“नको,” ती म्हणाली. “डावो पडलो तर?”