चिमाजीचं माप

शिनोलीत खळ्यावर भात मोजायचा तर चिमाजीलाच बोलावणं जायचं. पायली शिगोशीग, काठाच्या वर रास चढेपर्यंत, भरायची, पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. वाटणीवरून सख्खे भाऊ हमरीतुमरीवर आले तरी चिमाजीच्या मापावर कुणी बोट ठेवलं नाही. या एका गोष्टीचा त्याला ताठा होता, आणि तो त्याला शोभायचाही.

त्याच्या बायकोच्या, लंकाबाईच्या, डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं. आता शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे होते. शेकाच्या मशीनवरच्या वैजयंतीनं, गावातल्याच आण्याच्या लेकीनं, दोघांना समोर बसवलं.

"मावशी, शेक डाव्या अंगाला आणि काळीजही तिथंच. छाती भरून श्वास रोखलात की काळीज शेकापासून लांब सरकतं. वीस सेकंद रोखायला शिका. मामा, घरी तुम्ही मोजा."

मोजायचं काम म्हटल्यावर चिमाजीचा चेहरा किती दिवसांनी खुलला.

रोज सकाळी लंकाबाई ओसरीवर उताणी पडे, हात डोक्यावर घेऊन छाती भरी. "लाभ, दोन, तीन..." आठापर्यंत ठीक चालायचं. मग तिच्या मानेच्या शिरा ताठायच्या, डोळे मिटायचे. वीस झाले की ती श्वास सोडून हसायची. "जमलं की वो!"

आठ दिवसांनी पुण्यात तिला मशीनखाली निजवलं. श्वासाबरोबर पडद्यावर एक रेघ वर चढली आणि बाराव्या सेकंदाला कोसळली. पुन्हा केलं, पुन्हा बाराच. वैजयंतीनं तिला बाहेर आणून बसवलं. "मावशी, सोमवारपर्यंत जमलं नाही तर शेक तसेच द्यावे लागतील. थोडी झळ काळजाला बसेल."

लंकाबाईला रडू फुटलं. "रोज वीस व्हत व्हते, बाई. ह्यांनीच मोजल्यात. ह्यांचं माप चुकत न्हाई."

चिमाजीनं टोपी काढून हातात घेतली. "मापात पाप केलं म्या," तो म्हणाला. "हिचा जीव कोंडलेला बघवंना. आठाच्या म्होरं आकडं पळवत व्हतो."

साऱ्या गावाला शिगेनं भरून देणाऱ्यानं घरच्या लक्ष्मीला कमी मोजलं होतं. मायेनंच मोजलं, पण कमी ते कमीच.

वैजयंतीनं दोष दिला नाही. "चार दिवस हातात आहेत, मामा. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मोजा. मावशींकडं बघूच नका."

मग चार दिवस चिमाजी बायकोकडं पाठ करून उभा राहिला. सेकंदकाटा सरकेल तसा एकेक आकडा बोलला. डोळ्यांतून धारा लागायच्या, पण आकडा पुढं पळाला नाही. पहिल्या दिवशी तेरा झाले, मग सोळा, रविवारी अठरा.

सोमवारी लंकाबाई एकटीच आत गेली आणि जाड दार लागलं. चिमाजी बाहेर बाकावर, समोरच्या घड्याळावर नजर लावून, ओठातल्या ओठात मोजत बसला. आत कधी श्वास भरला, कधी सोडला, त्याला काय कळणार? वीस झाले की तो पुन्हा लाभपासून धरायचा.

दार उघडलं. लंकाबाई पदर सावरत आली आणि त्याच्याशेजारी टेकली. त्याला विचारायचा धीर होईना.

"वीस भरले," तीच म्हणाली. "बाई सोडा म्हनली, तरी म्या आनखी एक मोजला."

"तो कशापायी?"

"वर शीग नको व्हय?"

चिमाजीनं सवयीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.